गळा गेला म्हणे अनसाक्काचा

चैत्र लागला की माझा घसा बसतो. आता त्याला कारणही लागत नाही. जन्मभर दुसरी-तिसरीच्या वर्गांवर पाढे ओरडले, त्याची ही बक्षिशी. त्यात या दिवसांत आमच्या राहू गावच्या शिवारात कांदा काढणी चालू असते आणि कापलेल्या पातीचा उग्र वास वाऱ्याबरोबर थेट स्वयंपाकघरात येऊन बसतो. नात म्हणते, "आज्जी, गोळी घे ना." मी गोळी घेत नाही. फडताळातला पितळी डबा काढते, ज्येष्ठमधाची काडी दातांनी तोडते आणि गालात ठेवते. आधी नुसतं लाकूड चघळल्यासारखं लागतं, मग कडवट, आणि कंटाळून थुंकावं म्हणेपर्यंत हळूच गोड. ते गोड लागलं की मला हटकून तो चैत्र आठवतो. त्या चैत्रात आमच्या घरी इतकं ज्येष्ठमध साठलं होतं की सासूबाईंनी ते चुलीत घालायची धमकी दिली होती.

ते सगळं अनसाक्कासाठी आलेलं. अनसाक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नाव अनसूया, पण घरात अनसा, आणि जयंतीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'सुप्रसिद्ध गायिका अनसूया राहूकर'. बाबासाहेबांच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत तिला एक दिवस मोकळा मिळत नसे. आज दौंड, उद्या केडगाव, परवा शिरूर. नऊवारी नेसायची, केसांत काही माळायची नाही, आणि गायला उभी राहिली की आधी उजवा हात वर जायचा. हात वर गेला की मागच्या रांगेतली पोरंसोरंही गप्प व्हायची. मग ती एक मोठा श्वास घ्यायची. माइकमधून तो सगळ्या मांडवाला ऐकू जायचा. आणि त्या श्वासाच्या पाठोपाठ वरच्या पट्टीतला तो खणखणीत आवाज. माइक मधेच बंद पडला तरी ती थांबत नसे. माइकवाल्याला नजरेनंच सांगायची, राहू दे बाबा, तुझं चालू दे निवांत.

तिला शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला दिली होती. मूलबाळ झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली, आणि बहात्तरचा दुष्काळ सरत असताना ही एक बोचकं घेऊन राहूला परत आली. टाकलेल्या बाईकडे गाव कसं बघतं ते मी काय सांगायचं? पण आक्का गाऊ लागली आणि वर्षा-दोन वर्षांत तेच गाव तिला खुर्ची पुढं करू लागलं. माझंही माहेर कवठ्याचंच. तिनंच मला भावासाठी पसंत केलं. घरी येऊन सांगितलं म्हणे, "पोरगी लय इचारती हाय, डोस्कं खाईल. पन हाताला चलाख हाय."

ते खरंच होतं. मला लहानपणापासून चौकशीचं खूळ. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, मला 'चौकशीखातं' म्हणत. त्यामुळे मार्गशीर्षातल्या एका दुपारी खादीचा झब्बा घातलेला, पायात धुळीनं माखलेल्या चपला असलेला तरुण माणूस आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा 'कोण, कुठले, कशाला' हे तिन्ही प्रश्न मीच विचारले. तो सिनेमाचा डायरेक्टर होता. केडगावच्या कार्यक्रमात त्यानं आक्काला ऐकलं होतं.

सिनेमा म्हटल्यावर आमच्याकडे काय गडबड उडाली! आत्याबाईंनी कपबशा शेजारून आणवल्या. आक्कानं एक सोडून तीन गाणी म्हणून दाखवली. तिसरं संपलं तेव्हा अंगणात अर्धी आळी जमली होती. डायरेक्टरनं चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "फार छान. आता तुम्ही जरा गप्प बसून दाखवाल का?"

आक्काला वाटलं, आपलं काही चुकलं. ती गप्पच बसली. तो तिच्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "माझ्या सिनेमात तुमचं एकही गाणं नाही. दुष्काळात खडी फोडणाऱ्या एका बाईचं काम आहे. तिचं मूल जातं. फार बोलतही नाही ती."

तो गेल्यावर आत्याबाई कडाडल्या, "गप बसायला मुंबईवरनं मानूस येतोय व्हय? मग आमच्या घरातली समदीच आक्टर हायती की! ह्यो माझा लेक चार-चार दिस बोलत न्हाई, त्याला न्या म्हनावं!" माझे यजमान रेल्वेत गँगमन होते आणि खरंच फार बोलत नसत. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

आक्का मात्र हसली नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, "सुमन, लोकं मला गानारी म्हनून बोलवत्यात. तितं जाऊन गायलेच न्हाई, तर मी कोन?" मला एवढं कळलं की हिला भीती पडद्याची नाही, पडद्यावरून परत आल्यावरची आहे. गाणं गेलं तर ती परत ते बोचकंवाली बाई होणार होती. आणि तरी तिनं होकार दिला. का दिला, हे मी तिला तेव्हा शंभरदा विचारलं. "बघू तरी, जमतंय का," एवढंच म्हणायची. म्हणजे चौकशीखातं मी एकटीच नव्हते.

मी त्या वर्षी बाहेरून मॅट्रिकला बसले होते. माघ-फाल्गुनात आमच्या अंगणात दोन अभ्यास चालले. मी भूगोल मोठ्यानं वाचायची आणि आक्का समोर बसून गप्प राहण्याचा सराव करायची. हसू नका, गप्प राहणं सोपं नसतं. तिचा चेहरा गप्प राहायचा, पण उजवा हात ऐकायचा नाही. डायरेक्टरनं सांगितलं होतं, हात हलता कामा नये. मी वाऱ्यांचे प्रकार वाचत असले तरी तिचा हात आपला चालला वर. शेवटी मी तिच्या दोन्ही हातांत एकेक कांदा दिला. "पडला तर संध्याकाळी तुम्हीच चिरायचा, आक्का." त्या दिवसांत तिनं पुष्कळ कांदा चिरला. शेजारणी कुंपणावरून बघायच्या, दोन हातांत दोन कांदे धरून ही बाई भिंतीकडं बघत बसलीय, आणि आत्याबाईंना हळूच विचारायच्या, "बरी हाय न्हवं?"

परीक्षा दौंडला झाली. ती संपल्यावर मी एक दिवस आक्काबरोबर शूटिंगला गेले. शिरूर तालुक्यातलं उघडं माळरान, एकुलती बाभूळ, तिला बांधलेली झोळी. आजूबाजूला बसवलेल्या बायका खऱ्याच गावातल्या, दुष्काळात खडी फोडलेल्या. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. डायरेक्टरनं कॅमेरा झाकून ठेवला आणि सकाळभर सगळ्यांकडून नुसती खडी फोडून घेतली. दगडाच्या कपच्यांचा तो वास असतो, जळका, तापल्या तव्यासारखा. तो नाकात गेला आणि बायका आपोआप बोलायच्या थांबल्या.

मग तो प्रसंग आला. मूल गेलंय. दुसरा दिवस उजाडलाय. डायरेक्टरचं म्हणणं होतं, आक्कानं झोळीखाली मान घालून बसून राहावं. आक्का म्हणाली, "अशी बसायची न्हाई ती. ती कामावर जाईल. न जाऊन कसं भागंल?"

"बरं. मग?"

"मग मुकादम शिट्टी मारंल. रोज हीच बाई गानं सुरू करायची, तिच्यामागनं बाकीच्या म्हनायच्या. त्या हिच्याकडं बघत्याल. ही म्हनाया जाईल."

"आणि?"

"आन् येनार न्हाई."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला ठावं हाय," आक्का म्हणाली आणि जाऊन जागेवर बसली.

शिट्टी झाली. बायकांनी तिच्याकडे बघितलं. आक्कानं श्वास घेतला. अगदी तोच, मांडवातला, वरच्या पट्टीत चढायच्या आधीचा. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. आणि तो श्वास तिनं सोडलाच नाही. किती वेळ, कोण जाणे. मग तोंड मिटलं, हातोडी उचलली आणि दगडावर मारली. हात कुठेही वर गेला नाही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आक्का, कुणाला बघितलं होतं तुम्ही असं?"

"खिडकी लाव," ती म्हणाली, "धुरळा येतोय."

पुढचं वर्ष तसंच गेलं. सिनेमा मुंबई-पुण्यात लागला, म्हणे पेपरात चांगलं छापून आलं. आमच्या भागात पेपर यायचा तोही पुडी बांधून. मग पुन्हा चैत्र आला, पुन्हा कांदा निघाला, आणि कवठ्याच्या यात्रेत तंबू पडला. तंबू म्हणजे टुरिंग टॉकीज. आम्ही बौद्ध, देवीला जायचा प्रश्न नव्हता, पण तंबूला कसली आलीय जात! बैलगाडीवर कर्णा बांधून तंबूवाला गावोगाव ओरडत होता, "आपल्या लाडक्या गायिका अनसूया राहूकर! गाण्यांनी खच्चून भरलेला कौटुंबिक चित्रपट!" त्यानं सिनेमा बघितला नव्हता की बघून खोटं बोलत होता, देव जाणे. शिरूर तालुका लोटला.

आक्का म्हणाली, आपण गुपचूप जाऊ. दिवेलागणीच्या पहिल्या खेळाला आम्ही दोघी बायकांच्या बाजूला, मागं, तोंडावर पदर ओढून बसलो. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. तंबूत पडदा मधोमध असायचा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मशीन पुरुषांच्या बाजूला, म्हणजे आम्हाला सिनेमा पडद्याच्या पाठीमागून दिसायचा, सगळा उलटा. अक्षरं आरशातली. त्यामुळे कवठ्याच्या समस्त बायकांनी अनसूया राहूकर यांना डाव्या हातानं खडी फोडताना बघितलं. खाली मऊ माती, अंगाला घाम, कुणाच्या तरी पदरातले भाजके शेंगदाणे, रॉकेलचा धूर. पडद्यावरचा तो माळ तर तंबूबाहेरच होता. तरी बायका तोंडाला पदर लावून असं बघत होत्या, जणू तो कुठल्या परमुलखातला.

अर्धा सिनेमा झाला, गाणं नाही. पुरुषांकडून आवाज येऊ लागले, "होऊ द्या अनसाबाई!" "आता येतंय बघ!" आणि मग तो प्रसंग आला. शिट्टी झाली. पडद्यावरच्या आक्कानं श्वास घेतला. दोन्ही बाजूंनी तंबू चिडीचूप झाला. अख्ख्या पंचक्रोशीला तो श्वास पाठ होता, त्याच्या मागून काय येतं तेही पाठ होतं.

काहीच आलं नाही.

एक क्षण गेला आणि पुरुषांच्या बाजूला दंगा उसळला. "ए आपरेटर! आवाज सोड!" "मशीन बिघडलं!" "झोपला का रं?" कुणीतरी बांबू वाजवू लागलं. तंबूवाल्यानं घाबरून सिनेमा थांबवला, दिवा लावला. मशीनची पेटी उघडली, टॉर्च मारून आत बघितलं, तार हलवली. आक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. शेवटी कर्ण्यातून तो म्हणाला, "मंडळी, मशीन बराबर हाय. पिच्चरच असा हाय!" आणि रीळ थोडं मागं घेऊन पुन्हा लावलं.

दुसऱ्यांदा सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. लांबच्या हातोड्या ऐकू येत होत्या. बाभळीवरचा कावळा ऐकू येत होता. आवाज येत होता, फक्त तिचा येत नव्हता. आमच्या पुढच्या रांगेत माझी सख्खी मावशी बसली होती, गजरामावशी. मागं आम्ही आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. ती एकदम म्हणाली, "अगं बया, मशीन कुटलं? गळा गेला हिचा! अस्साच जातो." तिचं ते बोलणं रांगेरांगेतून पसरत गेलं. बायकांची सगळी बाजू डोळ्यांना पदर लावून बसली.

खेळ सुटल्यावर मावशीनं आम्हाला गाठलंच. आक्काचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अनसा, खरं का गं? बोल की!" आणि आक्काला बोलता येईना. गळा दाटून आलेला. तिनं नुसती मान हलवली. झालं! आता मावशीकडे डोळ्यांनी बघितलेला पुरावा होता.

आठ दिवसांत दोन तालुक्यांत बातमी झाली की सिनेमावाल्यांनी अनसाबाईंचा गळा घालवला. कुणी म्हणे खडीची धूळ गेली, कुणी म्हणे स्टुडिओतलं बर्फाचं पाणी पाजलं. आणि औषधं सुरू झाली. एसटीचे कंडक्टर पुड्या आणून द्यायचे. अडुळशाचा पाला, कोळिंजन, खडीसाखर, हळद, आणि ज्येष्ठमध, ज्येष्ठमध, ज्येष्ठमध. सर्वांत मोठी पुडी गजरामावशीची, तिच्याच फडक्यात बांधलेली. आक्का चांगली बोलत होती, आत्याबाईंशी भांडतही होती, पण कुणी मानायला तयार नाही. केडगावच्या मंडळाचे अध्यक्ष, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, स्वतः घरी आले.

"ताई, यंदा तुमी इसावा घ्या. बुद्धपौर्णिमेला आमी दुसरी गानारी बोलावलीय."

"अवो आप्पा, मी बोलतीय की तुमच्यासंगं!"

"बोलनं येगळं, ताई, आन् गानं येगळं. जपा. ताण दिऊ नका." डोळे पुसत ते गेले. त्यांच्यासारखेच एकेक करून बाकीचे गेले. इतक्या मायेनं कुणी कुणाची भाकरी काढून घेतलेली मी बघितली नव्हती. जयंतीच्या महिन्यात आक्का पहिल्यांदाच घरात बसली, कांद्याच्या पाती कापत.

आत्याबाई वैतागल्या. "अगं भवाने, चावडीम्होरं उबी ऱ्हा आन् एक गानं म्हन! मिटंल समदं."

खरंच, किती सोपं होतं! मलाही तेच कळेना. एका दुपारी शेतात मी तिला धरलंच. "आक्का, गात का नाही तुम्ही? अशानं तुम्हाला कायमचं विसरतील लोक. पटतं का तुम्हाला हे?"

तिनं हातातली जुडी कापून ढिगावर टाकली. "आदी मला हसू आलं," ती म्हणाली. "मग राग आला. मग वाटलं, अगं, म्हंजी त्यास्नी खरंच वाटलं की! मशीन उगडून बगितलं सुमन त्यांनी. मला जमलं." तिच्या तोंडावर अशी खुशी होती की मला तिचाच राग आला. मग ती खुशी ओसरली. "आता मी चावडीवर गायले, तर लोकं म्हनत्याल, नाटक व्हतं समदं. ती बाई खोटी पडंल."

"पडू दे की! सिनेमातलीच बाई ती."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी विळा खाली ठेवला. ती पुन्हा पाती कापू लागली, आणि जन्मात पहिल्यांदा मी विचारलं नाही.

तो सिनेमा मी नंतर कधी बघितला नाही. नातू म्हणतो, मोबाइलवर सगळं मिळतं. आम्ही दोघांनी शोध शोध शोधलं, पण त्याचा मागमूसही लागला नाही. मला एकदा तो सुलट बघायचा होता. आक्काची हातोडी उजव्या हातात कशी दिसते, ते पुरुषांनी बघितलं, मी नाही. आणि अभिनय म्हणजे काय हेही मला अजून नीट सांगता येत नाही. शाळेत मी पोरांची नाटुकली बसवली, तेव्हा 'तोंड प्रेक्षकांकडं करा, मोठ्यानं बोला' एवढंच सांगत आले. आक्काला येत होतं ते याच्या अगदी उलट काहीतरी होतं. गाताना तिच्याकडे जे भरपूर होतं, तेच तिनं दाबून धरलं होतं. गाता न येणाऱ्या बाईला तो श्वास घेताच आला नसता.

बुद्धपौर्णिमेला आम्ही केडगावला गेलो. सकाळी वंदना, मग गाणी, मग जेवणं. आक्का पांढरं लुगडं नेसून बायकांत बसली. लोक येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि निघून जात. पाहुण्या गायिकेची तयारी चालली होती, तबलजी ठोकाठोक करत होता. तेवढ्यात गजरामावशी आली. कवठ्याहून दोन एसट्या बदलून, घामाघूम. ती आमच्यात फतकल मारून बसली आणि आक्काला म्हणाली, "मी दिल्यालं चगळतीस का?"

आक्कानं गालातली काडी जिभेनं पुढं करून दाखवली.

"मग म्हन बगू गान्याची एक वळ."

"मावशी, लोकं म्हनत्यात इसावा घे..."

"लोकास्नी काय कळतंय?" मावशीचा आवाज खाली आला. "माझंबी अस्संच झालं व्हतं न्हवं का? तुज्याच म्होरं. तळ्याच्या कामावर, पोरगं झोळीत गेलं त्याच्या दुसऱ्या दिशी. शिट्टी झाली, म्हनाया गेले आन् आलंच न्हाई. मग तूच उचललंस ते गानं. समद्या मला म्हनल्या, गजरा, तू गप ऱ्हा, ताण दिऊ नगं. चांगल्यासाटीच म्हनल्या. पन पुन्यांदा 'म्हन' असं कुनी म्हनलंच न्हाई गं मला. मग मीबी न्हाई म्हनलं."

माझी सख्खी मावशी. दुष्काळात तिचं धाकटं पोरगं गेलं हे मला माहीत होतं. कामावरच्या झोळीत गेलं हे कुणी मला सांगितलं नव्हतं. ती कधी काळी गायची, बायकांच्या पुढं होऊन गायची, हेही नाही. साऱ्या गावाची चौकशी करणारी मी, आणि घरातला हा प्रश्न मला पडलाच नव्हता. खिडकी लाव, धुरळा येतोय. ती बाई खोटी पडंल. आक्का कुणाबद्दल बोलत होती ते मला तिथं, मांडवात, उन्हाचे कवडसे अंगावर घेऊन बसल्या बसल्या कळलं.

आक्कानं मावशीकडे बघितलं. मावशी वाट बघत होती. पडद्यावर आपणच आहोत हे तिला कळलं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. तिच्या तोंडावर फक्त एक चौकशी होती. औषध लागू पडतं की नाही, एवढीच.

आक्का उठली. माइककडे चालू लागली तसे आप्पा धावले, "ताई, नगा, नगा!" तिनं त्यांना हातानं बाजूला केलं. तोच उजवा हात वर गेला. मांडव गप्प झाला. तिनं श्वास घेतला आणि मी बघितलं, सगळी माणसं श्वास धरून बसली होती, आप्पा तर डोळे मिटून. ती तिथंच थांबली. तंबूतल्या पडद्यावर थांबली होती तितकीच. मला वाटलं, संपलं.

आणि तिनं सोडला.

काय आवाज तो! आधी किंचित खरखरला, मग मोकळा झाला आणि केडगावच्या स्टेशनापलीकडे गेला असेल. लोक टाळ्या वाजवायच्या ऐवजी एकमेकांना सांगत सुटले, "आला! आला!" आप्पा लहान पोरासारखे रडत होते. आणि गजरामावशी गुडघ्यावर हात मारून साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं ओरडली, "गुन आला! बगा, माज्या औषदाचा गुन आला!"

गाणं संपवून आक्का सरळ मावशीपाशी आली. एका शब्दानं सांगता आलं असतं की गळा कधी गेलाच नव्हता. मीही तोंड उघडलं होतं, पण तिनं डोळ्यांनी मला गप्प केलं.

"व्हय मावशी," ती वाकून म्हणाली, "तुमच्याच औषदानं."

मग कनवटीची पुडी सोडली, एक काडी दातांनी मोडली आणि अर्धी मावशीच्या पुढं धरली. "आता थोडं तुमीबी घ्या. आन् म्हना."

मावशी हसली. "आता गं कुटं माजं." पण काडी घेतली, तोंडात टाकली. आक्का परत माइककडे गेली. त्या दिवशी मावशी काही गायली नाही. मात्र मी दुपारपर्यंत तिच्याच तोंडाकडे बघत होते, आणि जेवणं वाढेपर्यंत तो तुकडा तिनं गालातून काढला नव्हता.